'मी'चे 'आम्ही' होताना
(खापा, जि. नागपूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपली शिबिरे 'हम होंगे कामयाब' या गीताने संपतात. गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेल्या या गीताची पाळेमुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत आहेत. 'गॉस्पेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या परंपरेतले हे भक्तिगीत. १९४५ साली चार्ल्स्टन येथील तंबाखू कारखान्यात संप झाला. फाटकाशी पहारा देणाऱ्या कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी ते गाताना 'मी'च्या जागी 'आम्ही' घातले. चाल तीच राहिली. भक्ताची प्रार्थना मात्र कामगारांची प्रतिज्ञा झाली.

देऊळ आणि बाजार यांच्यात गाण्यांची अशी ये-जा तिकडे सतत चालू होती. टॉमस डॉर्सी हा धर्मोपदेशकाचा मुलगा मद्यगृहांत 'ब्लूज' वाजवीत असे. १९३० च्या सुमारास त्याने तोच ठेका भक्तिगीतांत आणला, तेव्हा अनेक चर्चनी त्याला दारे बंद केली. १९५४ मध्ये रे चार्ल्सने उलट केले. गॉस्पेलच्या चालीवर प्रेमगीत बांधले. भाविकांनी त्यालाही दूषणे दिली. १९५७ मध्ये सॅम कुक गॉस्पेल सोडून लौकिक गाण्यांकडे वळला, आणि पुढे १९६४ मध्ये त्याच गळ्यातून नागरी हक्कांच्या लढ्याला बळ देणारे गीत आले.

हे आपल्याला नवे वाटू नये. लावण्या रचणारे सोलापूरचे राम जोशी पुढे कीर्तनाला उभे राहिले. सत्यशोधकांनी तमाशाचा घाट घेऊन जलसे उभे केले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तोच वारसा पुढे नेला. वामनदादा कर्डकांची गीते वस्तीवस्तीत पोहोचली. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी गायिली, भीमगीतेही गायिली. ऐकणाऱ्यांनी दोन्ही आपली मानली. आणि या विदर्भात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भजनाला स्वातंत्र्य, ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांच्याशी जोडले. १९४२ च्या लढ्यात सरकारने त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. खंजिरीचे सामर्थ्य आपल्यापेक्षा त्या सरकारला अधिक कळले होते असे म्हणावे लागते.

म्हणून भजनी मंडळाने सिनेमाची चाल उचलली की आपले काही मित्र नाक मुरडतात, ते मला पटत नाही. चाल कोठून आली हा प्रश्न दुय्यम आहे. गाणे कोण म्हणतो आणि ते कोणाला जवळ आणते, हा खरा प्रश्न आहे.

आज या दोन्ही बाबतींत चिंता वाटावी अशी स्थिती आहे. ज्या चौकात टाळांच्या साथीने वीस माणसे गात, तेथे भल्यामोठ्या ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. गाणारा माणूस ऐकणारा होतो. पुढे तर त्याला ऐकूही येत नाही, नुसता दणका छातीवर बसतो. तयार ध्वनिमुद्रिते कोणी पुरवावी आणि मिरवणुकीने दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर थांबून ती वाजवावी, हेही घडते. अशा वेळी 'आम्ही' हा शब्द शेजाऱ्याला वगळण्यासाठी वापरला जातो. चार्ल्स्टनच्या स्त्रियांचा 'आम्ही' दार उघडणारा होता. हा दार लावून घेणारा आहे. चाल एकच असू शकते, हेच भयावह आहे.

कन्हानकाठचे खापा हे विणकरांचे गाव. परिसरात मँगनीजच्या खाणी. येथील माणूस दिवसभर खपून रात्री भजनाला बसतो, तेव्हा त्या बैठकीत आपला कार्यकर्ता असतो काय? नसेल, तर आपल्या पत्रकांची भाषा त्याला परकी वाटते याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मात्र भजनात आपली घोषणा घुसवायला जाऊ नका. आधी टाळ हाती घ्या, ध्रुपद धरा, श्रद्धावंताच्या श्रद्धेचा मान राखा. एकमेकांच्या सुरात सूर मिसळण्याची सवय झाली, की मजुरीचा, पाण्याचा, शाळेचा प्रश्नही त्याच बैठकीत बोलला जाईल. त्यावर कोणी चार ओळी रचील. चाल कदाचित सिनेमाची असेल, कदाचित अभंगाची. त्या ओळी आपण लिहिलेल्या नसतील, आणि म्हणूनच त्या टिकतील.