ध्वनिलहरींच्या साह्याने भूल : आधी सराव, मग रुग्ण
(भाषण)



घरातील वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरून पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. पातूरहून अकोल्यास नेताना कूस बदलणेही त्याला असह्य होते. अशा वेळी मांडीच्या मज्जातंतूंजवळ औषध देऊन वेदना शमविता येते. यालाच प्रादेशिक भूल म्हणतात. हृदय वा फुप्फुसे अशक्त असणाऱ्यांना ती विशेष उपकारक ठरते.

पूर्वी भूलतज्ज्ञ शरीरावरील खुणा चाचपून अंदाजाने सुई टोचीत. १९९४ मध्ये व्हिएन्ना येथील डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गळपट्टीच्या हाडाजवळ भूल दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि अंदाजाची जागा दृष्टीने घेतली.

परंतु यंत्र आले म्हणजे कौशल्य आले, असे नव्हे. ध्वनिलहरींचा पट्टा अतिशय पातळ असतो. सुई किंचित बाजूला गेली की तिचे टोक पडद्यावरून नाहीसे होते. शेजारी रक्तवाहिनी असते, फुप्फुसाचे आवरण असते. औषध रक्तात गेल्यास झटके येऊ शकतात, प्रसंगी हृदयही थांबते. म्हणून टोक दिसत नसेल तर सुई पुढे सरकवू नये, हा पहिला नियम. बुद्धीला तो क्षणात पटतो. हातांना पटण्यास मात्र पुष्कळ सराव लागतो.

हा सराव कोणावर करावयाचा? वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णावर प्रारंभ होऊ नये, म्हणून प्रतिकृती वापरतात. अनेक ठिकाणी त्यासाठी मांसाचे तुकडे किंवा जनावरांपासून बनलेले जिलेटिन घेतात. आपल्या समाजास सांगावयास आनंद वाटतो की, समुद्रशेवाळाचे अगर किंवा सोयाबीनचे टोफूही यासाठी वापरता येते. त्यात पाण्याने भरलेली नळी बसविली की ती रक्तवाहिनीसारखी दिसते. इसबगोल मिसळल्यास पडद्यावर मांसपेशींसारखी छटा उमटते. अर्थात, ही केवळ पहिली पायरी होय. पुढील शिक्षण ज्येष्ठांच्या देखरेखीखालीच व्हावे.

आपल्याकडे सोनोग्राफी यंत्राची गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यान्वये नोंदणी बंधनकारक आहे. हा कायदाही १९९४ चाच. ते बंधन योग्यच असून भूलतज्ज्ञांनीही ते पाळावयाचे असते.

बंधूंनो, दानाच्या यंत्रावर दात्याचे नाव कोरले जाते. सरावाच्या प्रतिकृतीवर ते कोरले जाणार नाही. ती वापरून झिजून जाईल. परंतु तिच्यावर झालेली चूक कोणाच्याही देहाला इजा करीत नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय साहाय्याचा विचार करताना यंत्रासोबत प्रशिक्षणासही आपण हातभार लावावा, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.