लहान मुलांचा कर्करोग आणि आपले मंडळ

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात आळंदी येथे केलेले भाषण)



वर्षावासात आपण किसा गोतमीची कथा दरवर्षी ऐकतो. मेलेले मूल कवटाळून ती औषध मागत हिंडली आणि ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणायला तथागतांनी तिला सांगितले. कथा थोरच आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतील एका आईला आम्ही ती अवेळी सांगितली. तिचा आठ वर्षांचा मुलगा तेव्हा जिवंत होता. रक्ताचा कर्करोग होता. औषधांनी ताप उतरला, गाल भरले, आणि तिथेच उपचार थांबले. वडील चाकणला कंत्राटी कामगार. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार नाही. आम्ही गेलो, अनित्यतेवर बोललो, चहा घेऊन परत आलो. पुढे पुण्यानुमोदनाला मात्र शंभर माणसे जमली.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. मूल खेळू लागले तरी रोगाच्या थोड्या पेशी शरीरात दडून राहतात. औषध सोडले की त्या पुन्हा वाढतात. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरापैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात, गरीब देशांत तीसही नाहीत. उशिरा झालेले निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार ही या तफावतीची मोठी कारणे आहेत.

लांबलेला ताप, फिकटपणा, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे, मानेत किंवा पोटात गाठ, बाहुलीत पांढरी चमक, सकाळी डोकेदुखीसह उलटी. यांपैकी काही दिसले तर अंगारा-धुपारा न करता मोठ्या रुग्णालयात तपासणी करावी. हा रोग संसर्गजन्य नाही, त्याचे ताट वेगळे काढू नये. आणखी एक कटू गोष्ट. आपल्या देशात उपचारांसाठी आणलेल्या मुलांत मुली कमी दिसतात, आणि त्याचे कारण केवळ निसर्ग नाही. आपल्या घरात तरी असे होऊ नये.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर औषधोपचाराचा हक्क बायको-मुलांनाही मिळतो. कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. पण मुंबईत राहायचे कुठे? परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून आहे, आणि त्याच्या आसपासच्या पदपथांवर राहणारी रुग्णांची कुटुंबे ज्यांनी पाहिली त्यांना हा प्रश्न समजेल. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे कर्करोगाच्या मुलांना आई-वडिलांसह राहू देतात. आळंदीकरांना धर्मशाळा सांगायला नको. बाबांनी इथेही एक बांधली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

यंदा भोजनदानाचा अर्धा निधी अशा कुटुंबांच्या प्रवासासाठी आणि बुडालेल्या रोजासाठी ठेवावा, असा आमचा प्रस्ताव आहे. काहींना तो रुचणार नाही, हे जाणून तो मांडत आहोत. दुसरे असे की पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जावे. चिंचवडहून सकाळची सिंहगड पकडून दादरला उतरणे आपल्याला सोपे वाटते. अर्ज, शिक्का, रांग यांना घाबरलेल्या आईला ते सोपे नसते. विद्यार्थ्यांनो, हे काम तुम्ही करू शकता. शिवाय या मुलांना वारंवार प्लेटलेट्स द्याव्या लागतात आणि त्या पाच दिवसांपलीकडे साठवता येत नाहीत. म्हणून १४ एप्रिलच्या एका रक्तदान शिबिराने भागत नाही, वर्षभर दाते लागतात.

दाराजवळ वही ठेवली आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी नाव, पत्ता आणि रक्तगट लिहावा. रक्तगट माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी, येत्या रविवारी विहारात तपासून देऊ.

जय भीम!