जहाजे, लाटा आणि किनाऱ्याची धूप



धुळ्यापासून समुद्र सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. तेव्हा किनाऱ्याच्या धुपीची चर्चा येथे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जळगावची केळी आखाती देशांकडे निघतात ती न्हावा शेवा येथील, १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे जिल्ह्यातून जाणार असल्याने खानदेश बंदरांच्या अधिक जवळ येईल. बंदराचा लाभ आपण घेणार असू, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

जहाज चालू लागले की त्याच्या पुढच्या व मागच्या टोकापासून लाटा उठतात आणि पाचरीच्या आकारात पसरत जातात. खोल, मोकळ्या समुद्रात या लाटा पसरता पसरता क्षीण होतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात नैऋत्येकडून येणाऱ्या लाटांपुढे त्यांची मातब्बरी नाही. म्हणून खुल्या किनाऱ्यावरील सगळ्या धुपीचा दोष दूरवरून जाणाऱ्या जहाजांना देणे योग्य होणार नाही.

अरुंद खाडीत मात्र चित्र पालटते. तेथे निसर्गतः मोठ्या लाटा नसतात आणि काठ मऊ चिखलाचा असतो. मोठे जहाज जाताना काठाचे पाणी प्रथम ओढले जाते व मग वेगाने परत येते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची शक्ती चौपट होते. येथे जहाजाच्या आकाराइतकेच महत्त्व वेगाला आहे. संथ चालणाऱ्या मोठ्या जहाजापेक्षा भरधाव जाणारी लहान लाँच कधी कधी अधिक उंच लाट उठवते. पांझरेच्या फडाचे पाट सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगावे लागणार नाही. पाण्याचा वेग वाढला की पाटाची कड ढासळते, हे तो जाणतोच. इटलीतील व्हेनिस शहरात याच कारणाने बोटींच्या वेगावर मर्यादा आहेत आणि ऑगस्ट २०२१ पासून प्रचंड प्रवासी जहाजांना शहराच्या मुख्य जलमार्गातून जाण्यास बंदी आहे.

परंतु जहाजाच्या लाटेपेक्षाही अधिक परिणाम होतो तो जहाजासाठी केलेल्या बांधकामाचा. किनारा म्हणजे वाळूचा चालता जमाखर्च होय. नद्या वाळू आणतात, लाटा ती किनाऱ्यालगत पुढे सरकवतात. मध्येच लाटा अडविणारा बांध घातला, की एका बाजूस वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूस तूट पडते. चेन्नई बंदराचे काम १८७६ साली सुरू झाले. पुढे बंदराच्या दक्षिणेस मरीना किनारा रुंदावत गेला आणि उत्तरेस रोयापुरमचा किनारा समुद्राने खाल्ला. एकाच बांधकामाने एकाला चौपाटी दिली व दुसऱ्याच्या दारात समुद्र आणला! जहाजांसाठी तळ उपसून मार्ग खोल केला, तरीही लाटांची दिशा व जोर बदलतात.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या प्रकल्पात समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बांध योजलेला आहे. किनारा आणि मासेमारी यांचे काय होणार, या चिंतेने तेथील मच्छीमारांनी प्रकल्पाला विरोध केला आहे. या चिंतेला केवळ आश्वासनाचे उत्तर पुरणार नाही. किनाऱ्याची रेषा बांधकामापूर्वी, बांधकामाच्या वेळी आणि नंतरही वर्षानुवर्षे मोजली गेली पाहिजे आणि ते आकडे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजेत. लाटांचा व बंदरांचा अभ्यास करणारी, १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आपल्याच राज्यात खडकवासला येथे आहे. धूप सुरू झाल्यावर दगडी भिंत घालणे हा शेवटचा उपाय. कारण भिंतीमागची जमीन वाचली तरी पुढची पुळण बहुधा जाते. खाडीत वेगमर्यादा आणि काठाला कांदळवन हे अधिक स्वस्त व टिकाऊ उपाय होत.

आपलेही काही कर्तव्य आहे. पांझरेची वाळू तापीला आणि तापीची समुद्राला मिळे. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात त्या गाळाचा मोठा भाग अडतो. शिवाय नदीपात्रातील बेसुमार उपसा आपल्याच विहिरींचे पाणी खाली नेतो. वाळूचा जमाखर्च येथूनच सुरू होतो, हे ग्रामसभेने ध्यानी घ्यावे. शिक्षकांनी एका परातीत वाळूचा उतार करून पाणी ओतावे आणि त्यात लाकडी फळी प्रथम हळू, मग जोराने ओढून दाखवावी. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्या मुलालाही काठ का ढासळतो ते तेवढ्याने कळेल.

आपला माल ज्या बंदरातून जगात जातो, त्या बंदराशेजारचे गाव सुरक्षित राहावे, ही इच्छा आपण धरली पाहिजे. त्यासाठी प्रश्न विचारणे हा विकासाला विरोध नव्हे, तो विकासाचाच भाग आहे.