श्लेस्विगचे डॉक्टर आडलर: स्वागताध्यक्षांचे भाषण

संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि हाम्बुर्ग, कील, कोपनहेगनहून गाड्या बदलत इथवर आलेल्या मराठी साहित्यप्रेमी बंधुभगिनींनो,

श्लाय खाडीकाठच्या आमच्या श्लेस्विगमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. गाव लहान, पण इथे घर केलेल्या आम्हां मराठी माणसांना त्याचा अभिमान मोठा. खाडीपलीकडचे वायकिंगांचे हाइथाबू २०१८ पासून जागतिक वारसा आहे. कॅथीड्रलमधली शिल्पकार ब्र्युगेमानची लाकडी वेदी १५२१ साली पुरी झाली. ती पाहिल्याशिवाय कृपया कुणी परतीची गाडी पकडू नये. आणि गोटॉर्फचा राजवाडा! तिथल्या बागेत सतराव्या शतकात दरबारी विद्वान आदम ओलेआरिउसच्या देखरेखीखाली एवढा मोठा पृथ्वीगोल उभा राहिला, की माणसे आत बसून तारे पाहत. मूळ गोल १७१३ साली रशियाला गेला, पण त्याची प्रतिकृती बागेत आहे. याच दरबारच्या वकिलातीबरोबर इराणला गेलेला मान्डेल्सलो पुढे सुरतेला उतरला आणि १६३९ साली गोव्याला पोचला. त्याचे प्रवासवर्णन ओलेआरिउसनेच छापले. आपल्या मुलखाची वाट या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते डॉ. हेर्मान आडलर यांच्याविषयी. एकोणिसाव्या शतकातले हे आमच्या गावचे डॉक्टर. रोगी तपासणे हा त्यांचा व्यवसाय आणि ओकच्या झाडावरच्या गाठी हा त्यांचा ध्यास. आज गावातही त्यांचे नाव फार थोड्यांच्या ओठी येते, याचे मला वाईट वाटते.

शरदात ओकच्या पानांखाली बटणांसारख्या चपट्या गाठी येतात. त्या जमिनीवर गळतात आणि वसंताच्या तोंडाशी त्यांतून बारीक माशा निघतात, साऱ्या माद्याच. मे-जूनमध्ये त्याच झाडाच्या पानांवर आणि मोहरावर गोल, रसरशीत गाठी दिसतात. त्यांतून मात्र नर आणि माद्या दोन्ही बाहेर पडतात. शास्त्रज्ञांनी या माशांना न्यूरोटेरस आणि स्पॅथेगॅस्टर अशा दोन वेगळ्या प्रजातींत घातले होते. त्यांचे नाते असावे अशी शंका अमेरिकेत कुणीकुणी बोलून दाखवली होती, पण पुरावा हवा होता. डॉक्टरांनी कुंड्यांत ओकची रोपे वाढवली, त्यांवर चपट्या गाठींतल्या माद्या सोडल्या. त्या कळ्यांत अंडी घालताना त्यांनी स्वतः पाहिल्या आणि त्याच कळ्यांतून गोल गाठी येईपर्यंत वाट पाहिली. लेक आईसारखी नव्हे, आजीसारखी निघते, हे त्यांनी १८८१ च्या आपल्या प्रबंधात सिद्ध केले. माशीच्या दंशाने गाठ होते हा जुना समजही त्यांनी तपासला: अंड्यातून अळी बाहेर आल्यावरच गाठ वाढू लागते, असे त्यांना दिसले. १८९४ साली एका इंग्रज डॉक्टरानेच या ग्रंथाचा अनुवाद केला. विद्यापीठातले आसन नाही, प्रयोगशाळा नाही; दवाखाना सांभाळून हे काम झाले. मला याहून मोठे काही सुचत नाही.

साहित्याशी याचा संबंध काय? आपल्या बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजे तुर्कस्तान-सीरियाकडच्या ओकवरची अशीच गाठ. मायफळ, हिराकस आणि डिंक यांच्या शाईने युरोपने शतकानुशतके लिहिले. एवढा धागा मला पुरेसा वाटतो.

आता क्षमायाचना. सभागृह अपुरे आहे, मागच्या रांगांत थंडी लागेल, म्हणून कोट जवळ ठेवावेत. निवासाची सोय एका ठिकाणी जमली नाही. वयोवृद्ध पाहुण्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी हात जोडून माफी मागतो. कोकम वेळेत आले नाही, आमटी चिंचेची आहे. दोन दिवस पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या भगिनी, गाड्या घेऊन स्टेशनवर उभी असलेली तरुण मुले, भाडे न घेता सभागृह देणारे आमचे जर्मन शेजारी, तांदूळ-डाळीचा सगळा खर्च उचलून नाव सांगू नका म्हणणारे दाते, खुर्च्या मांडणारे, शिधा वाहणारे, सगळ्यांचे ऋण मी मानतो. कुणाचे नाव राहिले असेल तर रात्रीच्या जेवणाआधी मला जरूर सांगावे, मी व्यासपीठावरून घेईन.

संमेलनाध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.