रंगाच्या गोळीचें भय

मुलानें मित्रांबरोबर पेंटबॉल खेळावयास जातों म्हणून सांगितलें कीं घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फार लागतें का रे?" आणि मुलगाहि "छे, कांहींच नाहीं" असें म्हणत बूट घालूं लागतो. हें उत्तर खरें नाहीं. पण प्रश्नामागें जी धास्ती असते तिच्याइतकी वस्तुस्थितीहि वाईट नाहीं. पुण्यामुंबईच्या आसपासहि आतां या खेळाचीं मैदानें झालीं असल्यामुळें, लागतें म्हणजे नेमकें किती, हें एकदां नीट पाहून घेणें बरें.

या खेळाचा जन्म रणांगणावर झालेला नाहीं. रानांतील झाडांवर आणि कळपांतील गुरांवर लांबूनच खूण करतां यावी, म्हणून अमेरिकेंत रंगाच्या गोळ्या उडविणारें एक पिस्तूल निघालें होतें. शहरी माणूस रानांत अधिक तरेल कीं रानांत वाढलेला, असा वाद कांहीं मित्रांत पडला, आणि त्याचा निकाल लावण्यासाठीं २७ जून १९८१ रोजीं न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर या गांवच्या रानांत बारा जण तें पिस्तूल घेऊन उतरले. जिंकला तो रिची व्हाइट नांवाचा जंगलांत काम करणारा गृहस्थ. त्यानें निशाणें गोळा केलीं, पण सबंध खेळांत एकहि गोळी झाडली नाहीं! लागण्याची भीति वाटणाऱ्यांस ही हकीकत विशेष आवडावी.

गोळी शिशाची नव्हे. माशाच्या तेलाची जी मऊ कॅप्सूल औषधाच्या दुकानांत मिळते, तिचीच ही मोठी बहीण. बाहेर जिलेटिनचें पातळ कवच, आंत पाण्यानें धुऊन जाणारा रंग; व्यास सुमारें १७ मिलिमीटर व वजन सुमारें ३ ग्रॅम. बहुतेक मैदानांवर तिचा वेग सेकंदास ३०० फुटांपलीकडे जाऊं देत नाहींत, आणि खेळापूर्वीं वेग मापण्याच्या यंत्रावर प्रत्येक बंदूक तपासून घेतात. हा आंकडा ऐकून छाती दडपते खरी. परंतु हिशेब केला तर बंदुकीच्या तोंडाशीं या गोळीच्या अंगीं जितकी शक्ति असते, तितकीच ताशीं ४५ किलोमीटर वेगानें फेंकलेल्या क्रिकेटच्या चेंडूंत असते. असा चेंडू आपल्याकडे कोणीहि मुलगा गल्लींत फेंकतो. शिवाय गोळी हलकी असल्यानें हवा तिला फार लवकर थकविते. २० मीटर जाईपर्यंत तिची निम्म्याहून अधिक शक्ति खर्ची पडलेली असते, आणि उरलेलींतून थोडी कवच फुटण्यांत जाते. म्हणूनच न फुटतां उडून जाणारी गोळी फुटणाऱ्या गोळीपेक्षां अधिक झोंबते.

मग वाटतें तरी कसें? ताणून सोडलेलें जाड रबर उघड्या दंडावर बसावें, तसें. प्रथम एक तीक्ष्ण चटका. क्षणभरानें त्याच जागीं मागाहून येणारी जळजळ. या दोन वेदना वेगळ्या मज्जातंतूंवरून, वेगळ्या गतीनें मेंदूकडे जातात, म्हणून त्या अशा एकीमागून एक कळतात. मिनिटा-दोन मिनिटांत बहुतेक सारें ओसरतें. उरतो तो रुपयाएवढा वळ. तो आधीं तांबूस, मग निळा, हिरवट, पिवळा होत आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. जाड कपड्यांवरून बसलेली गोळी पुष्कळदां वळहि ठेवीत नाहीं. मान, बोटांचीं पेरें व मांडीची आंतली बाजू या मात्र हळव्या जागा आहेत. गळ्याभोंवतीं रुमाल, हातमोजे आणि सैल कपड्यांचे दोन थर एवढ्यानें त्यांचें बरेंच रक्षण होतें. लहान मुलांसाठीं अर्धा इंच व्यासाची, निम्म्याहून कमी वजनाची गोळीहि निघाली आहे. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असलेल्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून खेळूं नये.

नवख्यास खरा त्रास होतो तो गोळीची वाट पाहण्याचा. वेदना ही केवळ जखमेवर अवलंबून नसते. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरास आढळलें कीं, जबर जखमी झालेल्या सैनिकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश जणांस वेदनाशामक औषध नको होतें. त्यानें हें १९४६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या सैनिकांच्या दृष्टीनें जखम म्हणजे रणांतून सुटका होती. खेळांत धांवतांना, लपतांना मन गुंतलें कीं तसाच कांहीं प्रकार घडतो, आणि "ही कोठें लागली?" असा प्रश्न घरीं आरशासमोर पडतो. म्हणून घाबरणाऱ्यानें कोपऱ्यांत बसून राहूं नये. पहिली गोळी दुरून व लवकर लागून गेलेली बरी.

एवढें सांगितल्यावर भीतीची जी खरी जागा, तिकडे वळलें पाहिजे. ती जागा डोळा. क्रिकेटचा चेंडू डोळ्याच्या खोबणीहून मोठा असल्यानें पुष्कळसा मार भोंवतालचें हाड झेलतें. ही गोळी खोबणीहून लहान, ती सरळ आंत शिरते. डोळ्यांत रक्तस्राव होणें, पडदा सुटणें, दृष्टि कायमची जाणें, हें सर्व या खेळांत घडलें आहे, आणि तें मुख्यतः मुखवटा डोळ्यांवर नसतांना. मुखवटा काढण्याचें कारणहि बहुधा क्षुल्लक असतें : कांचेवर वाफ धरते, घाम झोंबतो, मित्राशीं बोलावयाचें असतें, किंवा डाव संपला असें वाटतें. दुसऱ्याचा डाव तोंवर संपलेला नसतो. अंगावरील वळाची चौकशी करणाऱ्या आईनें त्याऐवजीं मुखवटा घट्ट बसतो का, कांच तडकलेली नाहीं ना, आणि विसाव्याच्या जागीं प्रत्येक बंदुकीच्या नळीवर टोपण घालतात का, हें विचारावें. कांच धुरकटली तर हात वर करून ओरडावें, चालत जाळीबाहेर जावें व तेथेंच मुखवटा उतरवावा. तोंपर्यंत डोळ्यांत घाम गेला तर जाऊं द्यावा.