कोंदिविट्याचे बाप्तिस्माकुंड
(बहादरपूर येथील महोत्सव-सभेतील भाषण)



ट्रस्टच्या महोत्सवात मी एका पडक्या चर्चविषयी बोलणार हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण संस्था चालविणाऱ्यांनी ऐकावी अशी ती हकीकत आहे.

मुंबईत अंधेरीच्या पूर्वेस कोंदिविटे हे जुने गाव. तेथे १५७९ साली जेझुइट पाद्र्यांनी संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावे चर्च बांधले. आपल्या बऱ्हाणपुरात राजा अलीखान फारुकीची जामा मशीद झाली ती यानंतर दहाएक वर्षांनी, म्हणजे काळ ध्यानी येईल. साष्टी बेटावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३७ त ती मराठ्यांनी घेतली, १७७४ त इंग्रजांनी. राज्ये बदलली तरी गावकऱ्यांचे चर्च तेच राहिले. हे लोक आपल्यासारखेच मराठी बोलणारे. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने १८८७ त, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले.

ख्रिस्ती माणसाचा पहिला संस्कार पाण्याचा. मुलाच्या मस्तकावर पाद्री तीनदा पाणी ओततो. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. ते पाणी ज्यात असते ते कुंड बहुधा दगडाचे, पायावर उभे, आणि जुन्या चर्चमध्ये नक्षी कोरलेले असते. त्याची जागा पूर्वापार दाराजवळ, कारण बाप्तिस्म्यावाचून मंडळीत प्रवेश नाही. तेराव्या शतकात इंग्लंडात कुंडाला झाकण आणि कुलूप लावण्याचा दंडक होता. मंत्रलेले पाणी लोक जादूटोण्यासाठी पळवीत! (आपल्याकडच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यांची आठवण कोणाला झाली तर माझा इलाज नाही.)

१८४० साली कोंदिविट्यात साथ आली. माणसे मेली, उरलेली गाव सोडून निघाली आणि चर्च जवळच मरोळला हलविले. भिंती तर पाठीवर घेता येत नाहीत. मग मंडळींनी संतांच्या मूर्ती नेल्या आणि बाप्तिस्म्याचे कुंडही नेले. मला या निवडीचे फार कौतुक वाटते. साथीच्या धांदलीत जड कुंड कोण उचलतो? नवे घडविता आले असते. पण ज्या कुंडावर आजाचे नाव ठेवले त्याच कुंडावर नातवाचे ठेवावे, एवढी ओढ त्यांना होती. ते नसते नेले, तर आज तेही वेलींखाली असते.

आपल्याकडे काय होते ते आपण जाणताच. जुनी धर्मशाळा पाडून सभागृह होते आणि पंगतीचे तांब्याचे हंडे वजनावर मोडीत जातात. देणगीदारांची नावे कोरलेली फरशी पायरीखाली जाते. जमाखर्चाच्या वह्या वाळवी खाते. नवी वास्तू बांधण्यास माझा मुळीच विरोध नाही; माझे म्हणणे इतकेच की नकाशा काढण्यापूर्वी, काय बरोबर न्यायचे याची यादी विश्वस्तांनी करावी, आणि ते कपाटात न ठेवता वापरात ठेवावे. आपल्या कुंडी भंडाऱ्याचे पाहा. १६१५ च्या त्या भुयारी कालव्याचे पाणी लोक पीत राहिले, म्हणूनच त्याची देखभाल होत आली.

कोंदिविट्याचे पडके चर्च अजून उभे आहे. भोवती १९७३ पासून सीप्झचे कारखाने आले, आत जाण्यास मज्जाव असतो. वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या घराण्यांतील मंडळी तेथे जमतात आणि छप्पर नसलेल्या त्या भिंतींमध्ये मिस्सा होते. कुंड मात्र मरोळला आहे.