लहान वेब सेवा : कोठे चालवावी, कशी चालवावी?



शासकीय कार्यालयांत माहिती गोळा होते, संगणकात साठविली जाते आणि बहुधा तेथेच राहते. ती इतरांच्या संगणकांना थेट वाचता यावी म्हणून एखादी छोटी वेब सेवा लिहिणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ही सेवा कोणत्या यंत्रावर, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या खर्चाने रात्रंदिवस चालायची? या निर्णयाकडे तांत्रिक तपशील म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

शेतमालाच्या बाजारभावांचे उदाहरण घेता येईल. २००० साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅगमार्कनेट’मुळे देशभरातील बाजार समित्यांचे भाव एकत्र येऊ लागले. २०१२ मध्ये केंद्र शासनाचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले आणि आज हे भाव तेथून दुसऱ्या संगणकप्रणालीलाही घेता येतात. आता असे समजू, की एखाद्या जिल्हा कार्यालयाला आपल्या क्षेत्रातील भाव याच रीतीने उपलब्ध करावयाचे आहेत. संध्याकाळी माल कोणत्या बाजाराला न्यावा हे ठरविणारा शेतकरी मोबाइलवर भाव पाहू लागला आणि सेवा बंद असली, तर त्याच्यापाशी व्यापाऱ्याचा शब्द तेवढा उरतो. सेवेच्या अखंडतेची किंमत मोजावयाची ती येथे.

अशा सेवा बहुधा ‘रेस्ट’ पद्धतीने बांधतात. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्विन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात ही पद्धती मांडली. तिच्या दोन अटी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी. मागच्या विनंतीची आठवण सर्व्हरने ठेवू नये. दुसरी, उत्तर साठवून पुन्हा वापरता येते किंवा नाही, हे त्या उत्तरातच नमूद असावे. पहिल्या अटीमुळे सेवा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविणे सोपे होते. जपावी लागते ती माहितीची साठवण. सेवा पुन्हा उभी करता येते.

किती मोठे यंत्र लागेल? दिवसाला १०,००० विनंत्या येतात आणि त्यांतील निम्म्या संध्याकाळच्या एकाच तासात येतात, असे धरले तरी सेकंदाला दीडही विनंती होत नाही. भाड्याने मिळणारे लहानात लहान आभासी यंत्र हा भार सहज पेलते. असे असूनही अनेक प्रस्तावांत ‘कुबरनेटीस’सारखी, शेकडो यंत्रांचा कारभार पाहण्यासाठी घडविलेली व्यवस्था मागितलेली दिसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असाच हा प्रकार होय.

यंत्र स्वस्त आहे. महाग आहे ती माणसाची निगराणी. आज्ञावलीतील सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर चढविणे, प्रमाणपत्राची मुदत सांभाळणे, माहितीची प्रत काढणे आणि ती प्रत खरोखर उघडते का हे पाहणे, ही कामे विनंत्या दहा असोत वा दहा हजार, तेवढीच राहतात. हा स्थिर खर्च आहे आणि लहान सेवेवर तो सर्वांत जड पडतो. कार्यालयाच्या कोपऱ्यातील संगणकावर सेवा ठेवली, तर वीज, इंटरनेट जोडणी आणि धूळ यांचीही भर पडते. वर्षभरात ९९ टक्के वेळ सेवा चालू राहिली असे म्हटले, की ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ साडेतीन दिवसांहून अधिक काळ ती बंद होती, असा होतो.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारलेला प्रश्न येथे उपयोगी पडतो : एखादे काम संस्थेने स्वतः करावे की बाजारातून विकत घ्यावे? त्यांचे उत्तर व्यवहारखर्चावर बेतलेले होते. यंत्राची निगा राखणारा माणूस कार्यालयात नसेल, तर ती निगाच विकत घेणे श्रेयस्कर. शासकीय कार्यालयांसाठी राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ‘मेघराज’ ही क्लाउड सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. केंद्रीय मंत्रालयाने सूचीबद्ध केलेले खासगी पुरवठादारही आहेत. त्यापुढचा टप्पा म्हणजे यंत्र दिसतच नाही अशी व्यवस्था : आज्ञावली सोपवायची आणि जितक्या विनंत्या येतील तितकेच पैसे द्यायचे.

हा शेवटचा पर्याय आकर्षक असला, तरी सार्वजनिक वित्ताच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे. वार्षिक तरतूद निश्चित असते आणि मासिक देयक मात्र अनिश्चित. दुसऱ्या कोणाच्या सदोष प्रणालीने रात्रभर तीच विनंती लाखो वेळा केली, तर स्वतःच्या यंत्रावर सेवा मंदावते. येथे देयक फुगते. त्यामुळे विनंत्यांवर कमाल मर्यादा घालणे हा कराराचाच भाग मानला पाहिजे.

पर्याय कोणताही असो, काही बंधने टळत नाहीत. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि निर्दिष्ट प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सेवा लहान आहे म्हणून त्यांत सवलत मिळत नाही.

एका पर्यायाचा विचार मात्र क्वचितच होतो. भाव दिवसातून एकदाच बदलत असतील, तर प्रत्येक विनंतीला नव्याने उत्तर तयार करणारी सेवा हवीच कशाला? रोज एकदा भावांची साधी फाइल तयार करून ठराविक पत्त्यावर ठेवली आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत साठवून वापरावी असे तिच्यासोबत सांगितले, तर फील्डिंग यांच्या दुसऱ्या अटीचा पुरेपूर लाभ मिळतो. निगा राखण्याजोगे फारसे उरतच नाही. शोध, गाळणी किंवा ओळख पटविणे आवश्यक असेल, तरच पूर्ण सेवेकडे वळावे. आणि तेव्हाही प्रथम एक लहान यंत्र पुरे.

राहिला प्रश्न मालकीचा. करारावरील अभियंता निघून गेला, की पुष्कळदा सेवेचे खाते त्याच्या वैयक्तिक ई-मेलशी जोडलेले होते, हे उघडकीस येते. खाते, संकेतस्थळाचे नाव आणि आज्ञावलीची प्रत कार्यालयाच्याच नावे असावी. सेवा नव्या यंत्रावर उभी करण्याची कृती एका पानावर लिहिलेली असावी आणि वर्षातून एकदा, ज्याने ती लिहिली नाही अशा कर्मचाऱ्याकडून ती करवून पाहावी. त्याला लागलेला वेळ नोंदवून ठेवला, तर पुढील वर्षीचा प्रस्ताव तयार करताना तोच आकडा कामी येतो.